भोपाळचा शिक्का आणि साखऱ्याचा मास्तर

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली इथल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. जिथं बहकलो तेवढं कापलं.)



पोरांनी आजच्या भाषणाला लई भारी नाव दिलंय. 'विधिमंडळ आणि अध्यापक महाविद्यालय'. असल्या विषयाला खरं तर एखादा टाय बांधलेला प्राध्यापक आणायचा. मी दहावी पास. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत गोण्या उचलतो. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलं असेल. पण आज कविता म्हणणार नाही. आज हिशेब मांडणार आहे, आणि हिशेब आपल्या घरातला आहे.

आमच्या गोदीच्या दरवाज्यातून निघून फोर्टातून चालत गेलं की आझाद मैदानाजवळ महापालिका मार्गावर एक जुनी इमारत लागते. सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. १९०६ सालचं, सरकारी. मास्तर घडवायचं कॉलेज. तिथून तसंच पुढं नरिमन पॉइंटला गेलं की विधान भवन. कायदे घडवायची जागा. दोन्हींच्या मधलं अंतर पायी जाण्याइतकं. मी कितीदा तरी हे अंतर चाललोय, पाळी संपल्यावर, पाठ दुखत असताना. आणि दर वेळी मला आमचा दादा आठवतो.

दादाला तुम्ही सगळे ओळखता. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा माय म्हणाली, "मह्या लेकराला मास्तर करायचं." आपल्या वस्तीला दुसरं स्वप्न कुठं ठाऊक होतं? डॉक्टर व्हायला पैसा लागतो, तहसीलदार व्हायला पुण्यात राहावं लागतं. मास्तर मात्र दोन वर्षांच्या डी.एड.वर होता येतं, आणि मास्तर गावात राहतो, मास्तराला लोक 'गुरुजी' म्हणतात. ज्याच्या बापाला गावानं आयुष्यभर 'अय, इकडं ये' म्हणून बोलावलं, त्याच्या पोराला 'गुरुजी' म्हणणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

सरकारी कॉलेजात जागा थोड्या. दादाचा नंबर लागला नाही. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात गेला. नाव सांगत नाही, कारण असली कॉलेजं एक नव्हती, शेकड्यांनी होती. पावतीवर लिहिलेली फी वेगळी आणि पावतीशिवायची वेगळी. दोन एकरांतला एक एकर गेला. समाजकल्याणची शिष्यवृत्ती येईस्तोवर कॉलेजानं त्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवली. २०११ ला दादा डी.एड. झाला. त्यानं केलेल्या सराव पाठांच्या टाचणवह्या मायनं ट्रंकेत ठेवल्यात. कोपऱ्यात लाल शाईत शेरा आहे, 'उत्तम'.

त्या 'उत्तम'चं पुढं काय झालं? २०१२ पासून शिक्षक भरती थांबली. २०१३ च्या डिसेंबरात टीईटी नावाची परीक्षा आली. म्हणजे डी.एड. पुरेसं नाही, वर अजून एक चाळणी. मग २०१७ ला पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी. टीईटी पास, तरी ही दुसरी चाळणी. पहिल्या चाचणीनंतर निवडयादी लागायला २०१९ उजाडलं. दुसरी चाचणी झाली २०२३ ला. आणि मधल्या काळात, २०२१ च्या शेवटी, पुणे पोलिसांनी टीईटीचा घोटाळा उघड केला. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे वरचे अधिकारीच गजाआड गेले. २०१९-२० च्या परीक्षेतले ७ हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरवले. आपली पोरं रात्र रात्र जागून अभ्यास करत होती, आणि तिकडं पासाचा भाव ठरत होता.

दादा आज पुण्याच्या बाजूला एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला वॉचमन आहे. फाटकावरच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहितो. अक्षर अजून टाचणवहीतलंच आहे.

आता मला विचारायचंय, हा गुन्हा कुणाचा?

गोदीत एक नियम आहे. जहाजावरनं माल उतरताना गोणी फाटली तर जहाजवाला म्हणतो, माल देणाऱ्यानं गोणीच कच्ची भरली. माल देणारा म्हणतो, ठेकेदाराच्या माणसांनी आपटली. ठेकेदार मुकादमाकडं बघतो, मुकादम आमच्याकडं. शेवटी कापतात कुणाची मजुरी? जो सगळ्यात खाली उभा असतो त्याची. दादाची गोणी अशीच फाटली. सरकारला विचारा, बोट दिल्लीकडं. दिल्लीला विचारा, बोट कॉलेजाकडं. कॉलेज म्हणतं, आम्ही फक्त शिकवलं, नोकरीची हमी कुठं दिली होती? आणि नापास कोण? दादा. म्हणून आपण आज एकेकाचं बोट धरून बघू, ते नेमकं कुठं जातं.

पहिल्यापासून सुरू करू. १८८२ साली हंटर कमिशन आलं तेव्हा जोतिराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यात मास्तराबद्दल स्पष्ट मागणी होती. खेड्यातल्या शाळेला मास्तर शेतकरी, कष्टकरी जातींतला असावा, त्याला नीट ट्रेनिंग मिळावं, नांगर धरायची लाज वाटणार नाही असा असावा, आणि त्याला पोटापुरता पगार असावा. किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५-२०. म्हणजे मास्तर कुठल्या घरातून येतो, त्याला कोण घडवतं आणि पगार कोण देतं, हे तीन प्रश्न जोतिबांनी एका दोरीत बांधले. पुढच्या सगळ्या सरकारांनी ती दोरी सोडून तिन्ही प्रश्न तीन टेबलांवर वाटून टाकले.

दुसरं. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्यांनी आकडे मांडले. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करतं आणि अबकारीतून माणशी २ रुपयांच्या वर वसूल करतं. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्चा, हे त्यांचं म्हणणं. कायदे करणाऱ्या सभागृहाला शिक्षणाबद्दल काय विचारायचं, हे बाबासाहेबांनी तेव्हाच दाखवून दिलं. पैसा विचारायचा. गोड भाषणं त्यांची त्यांना करू द्यायची.

पण लक्षात घ्या, त्या वेळी आपण, साखऱ्याचे लोक, मुंबईच्या कौन्सिलात नव्हतोच. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ चा. त्यानं खेड्यातली शाळा झेडपीच्या हातात दिली. म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांना 'विधानसभा' हा शब्दच उशिरा भेटला. तोवर बाकीच्यांच्या दोन पिढ्या मास्तर होऊन पेन्शनीत गेल्या होत्या.

आता तिसरं, आणि हा भाग नीट ऐका, कारण इथंच आपल्याला फसवतात.

१९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदान धोरण आणलं. आधी इंजिनिअरिंग, मेडिकल. मग त्याच वाटेनं डी.एड., बी.एड. सरकारचा खर्च वाचला आणि संस्था काढायला पुढारी मोकळे झाले. ज्या सभागृहानं कॉलेजांवर लक्ष ठेवायचं, त्यातलेच कितीतरी मेंबर संस्थाचालक. मग त्याच विधिमंडळानं १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. कायदा चांगला आहे. पण आमचं एक एकर कायद्याला विचारून गेलं नाही.

१९९३ ला संसदेनं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला. तेव्हापासून मास्तराच्या कॉलेजाला मान्यता देणार दिल्लीची परिषद. आपल्या पश्चिम विभागाचं ऑफिस तेव्हा भोपाळला होतं. म्हणजे सेनगावच्या पोराला शिकवणाऱ्या कॉलेजावर शिक्का भोपाळचा.

पुढची गोष्ट तर एखाद्या तमाशाच्या वगासारखी आहे. २००४-०५ च्या सुमारास राज्य सरकारला जाग आली. सरकार म्हणालं, राज्यात बी.एड. झालेले गरजेपेक्षा जास्त झालेत, बेकार फिरतायत, नवी कॉलेजं नकोत. बरोबर होतं की नाही? अगदी बरोबर! पण एक कॉलेज कोर्टात गेलं. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालय'. ३१ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, सरकार हरलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत गेलं. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं, त्यात सुसूत्रता राखणं हे केंद्राच्या सूचीत. त्यावर संसदेनं कायदा केलाय, तेव्हा कॉलेज उघडायचं की नाही हे ती परिषद ठरवणार. राज्याला आपलं वेगळं धोरण काढून ते अडवता येणार नाही.

बघा मग काय झालं. कॉलेज उघडायचा अधिकार एकाकडं, तिथून बाहेर पडलेल्याला नोकरी द्यायची जबाबदारी दुसऱ्याकडं. बी भोपाळनं पेरायचं आणि पीक मुंबईनं काढायचं. पाणी कुणी द्यायचं हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आणि त्या दिवसापासून आमदारांना एक वाक्य सापडलं. 'तो विषय केंद्राचा आहे.'

मी म्हणतो, ठीक. कॉलेजाची मान्यता केंद्राचा विषय, मान्य. पण बाकीचं कुणाचं?

भरती कुणाची? राज्याची. झेडपीच्या मास्तराचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो, आणि तिजोरीची किल्ली अर्थसंकल्पात अनुदानाच्या मागण्या मंजूर करणाऱ्या विधानसभेकडं आहे.

सरकारी अध्यापक कॉलेजं कुणाची? राज्याची. मी सुरुवातीला सांगितलं ते १९०६ चं कॉलेज मुंबई विद्यापीठातून काढून २०१९ ला नव्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात घातलं. विधिमंडळानं केलेल्या विद्यापीठ कायद्याच्या आधारानंच ते झालं. म्हणजे सरकारी कॉलेज एका विद्यापीठातून उचलून दुसऱ्यात ठेवता येतं, तिथं 'केंद्राचा विषय' आडवा येत नाही. मग त्याच कॉलेजांत जागा वाढवायला, रिकाम्या खुर्च्यांवर माणसं बसवायला, मराठवाड्यातल्या पोरांना वसतिगृह द्यायला काय आडवं येतं? सरकारी कॉलेज हे विधिमंडळाचं स्वतःचं लेकरू. स्वतःचं लेकरू उपाशी ठेवायचं आणि शेजारच्या दुकानदाराकडं बोट दाखवायचं, हा कुठला बाप?

आणि पगार? २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षं मास्तर सेवक, ३ हजार रुपये महिना. पुढं ६ हजार. २०१६ च्या ऑगस्टात विधिमंडळानं आमदारांचं वेतन ७५ हजारांवरून दीड लाखाच्या वर नेलं. त्या महिन्यात प्राथमिकचा शिक्षणसेवक ६ हजारांवरच होता. त्याचे १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. आमदाराचा पगार वाढवायचा तर केंद्राचा विषय नाही, बरं का!

२०१७ च्या डिसेंबरात पट कमी म्हणून सुमारे १३०० शाळा बंद करायचा निर्णय झाला. २०२३ च्या जुलैत रिकाम्या जागांवर निवृत्त गुरुजींना २० हजारांवर परत बोलवायचं ठरलं. निवृत्त गुरुजींबद्दल माझा राग नाही, त्यांनीच मला बाराखडी शिकवली. पण ज्याची टाचणवही ट्रंकेत सडतेय तो गेटवर उभा, आणि पेन्शन घेणारा वर्गात. ही व्यवस्था कुणाच्या डोक्यातून निघाली?

आता एक गंमत सांगतो. विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात. ७८ पैकी ७. आपल्या मराठवाड्याला एक. पण त्याला मत कुणी द्यायचं? राज्यघटनेचं कलम १७१ म्हणतं, माध्यमिक शाळेच्या खालच्या शिक्षकाला ते मत नाही. हायस्कुलाचा मास्तर मतदार, कॉलेजचा प्राध्यापक मतदार. पहिली ते चौथीच्या पोरांना अ-आ-ई शिकवणारा, डी.एड. झालेला झेडपीचा मास्तर मतदार नाही. आपली पोरं शिकून सवरून जातात प्राथमिकलाच. म्हणजे शिक्षकांच्या आमदाराच्या दारातसुद्धा आपण उंबऱ्याच्या बाहेर.

कुणी म्हणेल, मग विधिमंडळावर थुंकून मोकळं व्हा. नाही. मी गोदीतला माणूस आहे, मला कायद्याची किंमत ठाऊक आहे. १९६९ ला याच विधिमंडळानं माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल उभे राहिले म्हणून झाला. हमालाची नोंद झाली, मजुरी बोर्डात जमा व्हायला लागली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. माझं नाव आज ठेकेदाराच्या वहीत आहे, बोर्डात नाही, म्हणून तर मला त्या कायद्याची किंमत जास्त कळते. चांगला कायदा पाठीवरचं ओझं हलकं करतो. पण तो वरून टपकत नाही.

आपला स्वतःचा इतिहास बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. कागदावर खुले! चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडला जावं लागलं, आणि डोकी फुटली.

२७ जुलै १९७८. दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी, किती गावांची नावं घेऊ. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे गेले. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या रात्री त्यांनी लेकरं कुठं लपवली. ठराव करणारं सभागृह मुंबईत सुरक्षित, ठरावाची किंमत मोजणारी वस्ती इथं. लाँग मार्च निघाले, माणसं जेलात गेली. १६ वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आणि त्यातही मेख बघा. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं, आणि परभणी, नांदेड, लातूर तिकडं गेले. १९९९ ला आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोही तिकडंच. स्वामीजी मोठे माणूस, मुक्तिसंग्रामाचे नेते, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. पण ज्यांच्या बापांनी बाबासाहेबांच्या नावासाठी घरं जळताना बघितली, त्यांच्या पोरांच्या बी.एड.च्या सर्टिफिकेटवर ते नाव आलंच नाही. तरी मी म्हणतो, ती लढाई वाया गेली नाही. सभागृहाचा ठराव आणि आपली माणसं यांच्यात किती कोस रस्ता असतो, आणि तो पायीच तुडवावा लागतो, हे त्या लढाईनं शिकवलं.

म्हणून आता काय करायचं, एवढं सांगून बसतो.

एक. या सर्कलातल्या प्रत्येक वस्तीत डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेली किती पोरंपोरी आहेत त्याची वही करा. नाव, वर्ष, टीईटी, कॉलेजात किती पैसे गेले. जमीन विकली असेल तर किती, तेही लिहा. आपल्याकडं राग भरपूर आहे, आकडा नाही. बाबासाहेब सभागृहात आकडा घेऊन उभे राहिले होते.

दोन. जिल्ह्यातल्या झेडपी शाळांत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, राखीव जागांचा अनुशेष किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात. दोन चहांचे पैसे.

तीन. ती वही घेऊन आमदाराकडं जा. हात जोडून नाही, यादी हातात घेऊन. म्हणावं, साहेब, यावर तारांकित प्रश्न लावा, लक्षवेधी मांडा. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. 'केंद्राचा विषय' म्हणाले तर म्हणावं, कॉलेजाची मान्यता आम्ही विचारलीच नाही. भरती विचारली, सरकारी कॉलेजातल्या जागा विचारल्या, वसतिगृह विचारलं, पावतीशिवाय घेतलेल्या फीचं विचारलं. यातलं केंद्राचं काय आहे, बोट ठेवून दाखवा.

चार. ज्या पोरापोरींची आज बारावी झालीय त्यांनी कुठल्याही दुकानात पैसे भरायच्या आधी या वहीतली नावं वाचावीत. मास्तर होऊ नका असं मी म्हणत नाही. आपल्या वस्तीला आपला मास्तर पाहिजेच. जोतिबांनी मागितलेला तो मास्तर अजून या गावाच्या शाळेत आलेला नाही. पण डोळे उघडे ठेवून व्हा, आणि एकेकटे होऊ नका.

काल दादाला फोन केला, सांगितलं की साखऱ्यात तुझ्याबद्दल बोलणार आहे. तो म्हणाला, "मह्या नावानं रडू नको. येत्या सुट्टीत मी येतो. समाजमंदिरात संध्याकाळी पोरांचे वर्ग घेतो. टाचणवह्या उंदरानं खाल्ल्या का ते बघून ठेव."

बघितल्या. एकीचं पुठ्ठं गेलंय. बाकी शाबूत आहेत.

वही रविवारपासून सुरू करायची. पहिलं नाव आमच्या दादाचं लिहा. दुसरं कुणाचं, ते हात वर करून सांगा.

जयभीम.